एका छपराखालचा प्राणिसंसार

प्राण्याप्राण्यांतील संबंधांविषयी आपल्याकडे दोन जुनी मते चालत आलेली आहेत. पहिले व्याकरणकारांचे. ज्या प्राण्यांचे वैर कायमचे आहे त्यांच्या जोडनावाला एकवचन लावावे, असा नियमच पाणिनीने आपल्या अष्टाध्यायीत करून ठेवला, आणि टीकाकारांनी त्याची उदाहरणे दिली ती साप-मुंगूस व मांजर-उंदीर यांची. वैर इतके निश्चित की ते व्याकरणात बसवता आले! दुसरे मत आश्रमाचे. ऋषीच्या सान्निध्यात वाघ आणि हरीण एका पाणवठ्यावर पाणी पितात, साप मुंगसाशेजारी ऊन खात पडतो, असे हे रम्य चित्र आहे.

आज शहरातल्या एखाद्या घरी कुत्रा, दोन मांजरे, ससा, पक्ष्यांची जोडी आणि कोपऱ्यात माशांची काचपेटी असा परिवार असतो. त्या घरचे लोक बहुधा आश्रमाच्या मताचे असतात आणि शेजारी व्याकरणकारांच्या. घरचे म्हणतात, “आमच्याकडे सगळे गुण्यागोविंदाने राहतात.” शेजारी म्हणतात, “बघा हं, एक दिवस काय होते ते!” आमच्या मते दोन्ही पक्ष अपुरे आहेत. निरनिराळ्या प्रजातींचे प्राणी एका घरात सुखाने राहू शकतात, हे खरे आहे. पण ते आपल्या प्रेमाच्या प्रभावाने राहत नाहीत, व्यवस्थेने राहतात. ही व्यवस्था चुकली तर तिची किंमत मालकाला सहसा मोजावी लागत नाही. त्या घरातला जो सर्वांत दुबळा जीव असेल तो ती मोजतो. म्हणून हा विषय हौसेचा असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

प्रथम वैराचाच विचार करू. मांजर उंदराला मारते ते उपजत बुद्धीने की शिकवणीने? या प्रश्नाचा छडा लावण्यासाठी झिंग-यांग कुओ या चिनी मानसशास्त्रज्ञाने मांजराची पिल्ले तीन निरनिराळ्या परिस्थितींत वाढवली आणि आपले निष्कर्ष १९३० साली प्रसिद्ध केले. ज्या पिल्लांनी आपल्या आईला उंदीर मारताना पाहिले होते, अशा २१ पैकी १८ पिल्ले पुढे उंदीर मारू लागली. जी एकटी वाढली, त्या २० पैकी ९ पिल्लांनी उंदीर मारले. आणि जी उंदराच्याच संगतीत एका पिंजऱ्यात वाढली, त्या १८ पैकी फक्त तिघांनी मारले. या तिघांनीही आपल्या सोबत्याला हात लावला नाही. मारले ते परके उंदीर.

या आकड्यांतून दोन गोष्टी निघतात, आणि दोन्ही एकदमच ध्यानात ठेवल्या पाहिजेत. वैर हे अटळ नसते, ही पहिली. संगतीने ते पुष्कळ शमते. पण ज्यांना कोणी काही शिकवले नव्हते त्यांतलीही जवळजवळ निम्मी पिल्ले शिकारी निघाली, म्हणजे शिकारीची प्रवृत्ती आत असतेच, ही दुसरी. शिवाय मांजराने अभय दिले ते त्या एका ओळखीच्या उंदराला, उंदीर या प्रजातीला नव्हे. आपले मांजर घरातल्या पोपटाशेजारी शांत झोपते म्हणून उद्या आणलेल्या दुसऱ्या पक्ष्यालाही ते तसेच वागवील, असे धरून चालणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा.

आपल्या महाभारतकारांना हे मर्म चांगले ठाऊक होते. शांतिपर्वात पलित नावाच्या उंदराची आणि लोमश नावाच्या मांजराची कथा आहे. मांजर पारध्याच्या जाळ्यात सापडलेले, आणि उंदराला एकीकडून मुंगसाचे व दुसरीकडून घुबडाचे भय. तेव्हा उंदीर मांजराच्याच आश्रयाला जातो आणि त्या मोबदल्यात जाळे कुरतडण्याचे वचन देतो. पण शेवटचा धागा तो तोडतो तो पारधी अगदी जवळ आल्यावर, म्हणजे मांजराला पळण्यावाचून दुसरे काही सुचू नये. संकट टळल्यावर मांजर मैत्रीची गोड भाषा बोलू लागते. उंदीर बिळाबाहेर येत नाही. घरातल्या प्राण्यांमध्ये जो सलोखा दिसतो तो पुष्कळदा असा तह असतो. तह मोडू नये म्हणून काय करावे लागते, हाच खरा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट वयाची. अमेरिकेत मेन राज्यातील प्रयोगशाळेत स्कॉट आणि फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा ‘आपले कोण’ हे ठरवण्याचा काळ असतो, असे त्यांना दिसून आले. मांजराच्या बाबतीत हा काळ याहून लवकर येतो आणि लवकर संपतो; दुसऱ्या आठवड्यापासून सातव्यापर्यंत. या दिवसांत पिल्लाला जे जीव सौम्यपणे भेटतात ते त्याच्या घरच्यांत जमा होतात. नंतर ओळख होऊ शकत नाही असे नाही. पण मग आठवड्याचे काम महिन्यावर जाते आणि कधीकधी तडीस जातच नाही. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी कुत्रा आणि मांजर एकत्र असलेल्या घरांची पाहणी करून २००८ साली जे निष्कर्ष मांडले, त्यांतही लहान वयातली ओळख हीच उपयोगी ठरली. आणि मांजर आधी व कुत्रा मागाहून आला असेल तर त्यांचे अधिक चांगले जमते, असेही आढळले.

दुसरी गोष्ट भाषेची. कुत्र्याची आणि मांजराची भांडणे पुष्कळदा स्वभावापेक्षा व्याकरणाच्या चुकीतून होतात. कुत्रा शेपूट हलवतो ती बहुधा उत्सुकतेने. मांजराची शेपटी झटके देऊ लागली की ते चिडलेले असते. कुत्रा पुढचा पंजा उचलतो तो खेळायला बोलावण्यासाठी. मांजराचा उचललेला पंजा म्हणजे थप्पड येण्याची सूचना. मांजराची समाधानाची घुरघुर कुत्र्याच्या कानाला गुरगुरण्यासारखी वाटली तर त्यात त्याचा दोष काय? छाती जमिनीला टेकवून, मागचा भाग उंच करून कुत्रा ‘चल, खेळू’ म्हणतो; मांजराला त्यात झेप घेण्याची तयारी दिसते. एकत्र वाढलेले प्राणी परस्परांची ही भाषा शिकतात. मोठेपणी भेटलेल्यांना दुभाषा लागतो, आणि तो दुभाषा म्हणजे आपण. म्हणून पहिल्या भेटी दाराआडून व्हाव्यात. एकाचे अंथरूण दुसऱ्याला हुंगायला द्यावे. दाराच्या दोन बाजूंना दोघांना जेवू घालावे. मग कुत्र्याला साखळीत धरून, मांजराला उंच जागी पळायची वाट मोकळी ठेवून, समोरासमोर आणावे. घाई करणाऱ्याच्या घरी पहिल्याच दिवशी जो ओरखडा बसतो तो पुढे वर्षभर बुजत नाही.

तिसरी गोष्ट मुक्यांतल्या मुक्यांची. कुत्रा भुंकतो, मांजर फिसकारते. त्यांची तक्रार आपल्यापर्यंत पोहोचते. ससा, गिनीपिग, लहान पक्षी हे निसर्गात इतरांचे भक्ष्य होणारे प्राणी. भय वाटले की निश्चल होणे हा त्यांचा धर्म, कारण हलणारे भक्ष्य शिकाऱ्याला आधी दिसते. कुत्रा पिंजऱ्याला नाक लावून बसला आहे आणि ससा मुळीच हलत नाही, हे दृश्य पाहून “किती शांत बसलाय बघा!” असे आपण म्हणतो; वस्तुतः तो भीतीने थिजलेला असतो. सशाला उताणे धरले की तो डोळे स्थिर करून पडून राहतो, आणि पुष्कळांना वाटते त्याला झोप लागली. तीही भयाचीच अवस्था. अशा प्राण्याला कुत्र्याने दातही लावायला नको. शिकाऱ्याचा वास रोज जवळ राहिला तरी त्याचे खाणे मंदावते. सशाचे पोट चारा सतत चालू राहण्यावर अवलंबून असते. खाणे बंद पडले की एका दिवसातच त्याच्या जिवावर बेतू शकते. तेव्हा सशाची खुशाली पाहायची ती त्याच्या शांतपणावरून पाहू नये. त्याचे खाणे, लेंड्या आणि बागडणे यांवरून पाहावी.

पक्ष्याचेही असेच. मांजराच्या लाळेत असे जंतू असतात की त्यांच्यामुळे, नुसता दात टोचून सुटलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी एकदोन दिवसांत मरू शकतो. “थोडक्यात वाचला” असे म्हणून त्याला पिंजऱ्यात परत ठेवू नये. त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. पक्ष्याला दुसरे भय स्वयंपाकघराचे. त्याची फुप्फुसे आणि हवेच्या पिशव्या यांची रचना अशी आहे की हवेतले विष तो माणसाहून फार लवकर शोषून घेतो. न चिकटणारा तवा रिकामा तापत राहिला तर त्यातून निघणारा वायू आपल्याला जाणवणारही नाही. पण शेजारच्या खोलीतला पक्षी त्याने मरू शकतो.

चौथी गोष्ट अन्नाची आणि औषधाची. सर्वांना सारखे वागवणे हा माणसांच्या घरात न्याय असेल. प्राण्यांच्या घरात तो अन्याय ठरतो. कुत्रा माणसाच्या सोबतीला निदान चौदा हजार वर्षे आहे, आणि या सहवासात त्याचे पोटही बदलले. पिष्ट पचवणाऱ्या रसाचे जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक प्रतींत असते, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवले. म्हणून आपल्या भाकरीवर तो बऱ्याच अंशी निभावून नेतो. मांजराचे तसे नाही. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी मांजरही पुरलेले सापडले, इतका त्याचा आपला परिचय जुना. पण पोटाने ते अजून निव्वळ मांसाहारीच राहिले आहे. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला शरीरात पुरेसे बनवता येत नाही. ते मांसातून मिळावे लागते. ते न मिळाल्यास त्याची दृष्टी जाते, हे १९७५ साली समजले. हृदय निकामी होते, हे १९८७ साली. म्हणून कुत्र्याच्या थाळीवर किंवा दूधभातावर वाढवलेले मांजर वरून गुबगुबीत दिसले तरी आतून उपाशी असते. सशाला स्वतःचे ‘क’ जीवनसत्त्व बनवता येते; गिनीपिगला येत नाही. दोघे दिसायला भाऊभाऊ असले तरी एकाच खाद्यावर ठेवले तर दुसरा आजारी पडतो.

औषधांचा प्रकार याहून घातक. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर घालायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असते. तेच मांजराच्या अंगावर घातले, किंवा ओल्या कुत्र्याला चिकटून मांजर झोपले आणि त्याने अंग चाटले, तर त्याला झटके येऊन ते दगावू शकते. कुत्र्याला चालणारे फिप्रोनिल सशाला मारक आहे. अनेक जनावरांना दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला विषासमान. आपल्या घरी तापावर घेतो ती पॅरासिटामोलची गोळी मांजराचा प्राण घेते. ज्या घरात अनेक प्रजाती आहेत तेथे औषधांच्या प्रत्येक बाटलीवर ती कोणाची आहे हे लिहून ठेवावे आणि एकाची दुसऱ्याला कधी देऊ नये. हा नियम साधा आहे, पण तो न पाळल्याने जीव जातात.

रोगांचेही तेच. नवा आलेला प्राणी, तो कितीही निरोगी दिसो, निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत राहिला पाहिजे. ससा आणि कुत्रा काही जंतू स्वतः आजारी न पडता बाळगतात, आणि त्याच जंतूंनी गिनीपिगला न्यूमोनिया होतो. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा गर्भवती स्त्रीला धोक्याचा. पण ती विष्ठा रोजच्या रोज, आणि दुसऱ्या कोणी, काढली तर तो धोका पुष्कळ कमी होतो, कारण जंतूला संसर्गक्षम व्हायला निदान एक दिवस लागतो. कासव हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. कुत्र्याला आणि मांजरालाही रेबीजची लस वेळच्या वेळी टोचलीच पाहिजे. यात हयगयीला जागा नाही.

आता जागेचा प्रश्न. आपल्या जुन्या घरात प्राणी पुष्कळ असत, आणि त्यांची भांडणे आजच्याइतकी ऐकू येत नसत. याचे कारण घराच्या रचनेत होते. गाय-बैल गोठ्यात, कोंबड्या खुराड्यात, कुत्रा अंगणात किंवा पडवीत, मांजर चुलीच्या उबेला, पोपटाचा पिंजरा ओटीवर टांगलेला. प्रत्येकाचा उंबरठा ठरलेला होता. त्या काळी सगळ्यांचे हाल होत नव्हते असे आम्ही म्हणत नाही. ओटीवरच्या त्या एकट्या पोपटाचे जिणे फार सुखाचे होते असे मानण्याचे कारण नाही. पण ज्याची त्याची जागा वेगळी, हे तत्त्व खरे होते. दोन खोल्यांच्या सदनिकेत आपण भिंती काढून टाकल्या आणि उंबरठेही काढून टाकले.

ते उंबरठे पुन्हा घालता येतात. मांजराला उंच फळी द्यावी, जिथे कुत्रा पोहोचणार नाही. त्याचे जेवणही तिथेच ठेवावे. मांजरे जितकी, त्याहून एक अधिक मातीचा ट्रे असावा, आणि तो कुत्र्याच्या वाटेवर नसावा. सशाच्या घराला दोन तोंडे असलेला आडोसा असावा, म्हणजे कोंडी होणार नाही. पक्ष्यांना आणि सशांना दार बंद होईल अशी खोली हवी. आपण घरात नसताना शिकारी आणि भक्ष्य यांच्यामध्ये बंद दार असलेच पाहिजे, मग त्यांची मैत्री कितीही जुनी असो. आणि प्रत्येकाला आपल्या प्रजातीची सोबत हवी की एकांत, हेही पाहिले पाहिजे. ससा आणि बजरीगर एकटे पडले की खंगतात. उलट सीरियन हॅमस्टर दोन एकत्र ठेवले तर मोठेपणी एकमेकांना ठार करतात.

अशा संसाराची मोठी उदाहरणे आपल्यासमोर आहेत. कोनराड लोरेंत्स या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाला प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नाजवळच्या त्याच्या घरात कावळ्याच्या कुळातले पक्षी, हंसक, कुत्रे, माकडे, मासे मोकळे नांदत. त्यानेच लिहून ठेवले आहे की एका माकडिणीने दिवा उचलून माशांच्या काचपेटीत टाकला आणि वैद्यकाच्या जाड ग्रंथाची पाने फाडून त्यातच कोंबली. मुलगी लहान असताना मोठे, धोक्याचे प्राणी मोकळे असले की तिलाच पिंजऱ्यात ठेवण्याची युक्ती त्याच्या पत्नीने काढली होती! हे वाचून हसू येते. पण त्यामागे पूर्ण वेळ निरीक्षण करणारा माणूस होता, हे विसरू नये.

आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला. तिथे डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी, शिकारीत आई गमावलेली पिल्ले वाढवली. बिबटे, अस्वले, हरणे, माकडे, साप. विलास मनोहरांचे ‘नेगल’ हे पुस्तक त्यांतल्याच एका बिबट्याच्या नावाचे. त्या छायाचित्रांकडे पाहून पुष्कळांना आश्रमाचे चित्र खरे झाल्यासारखे वाटते. पण ते प्राणी हौसेने आणलेले नव्हते, निराधार म्हणून आलेले होते. अजाण वयात आले. आणि त्यांच्यासाठी एका कुटुंबाने आपले आयुष्य वेचले. या तीन अटी ज्याला पाळता येत नाहीत त्याने त्या छायाचित्राचे अनुकरण करू नये. कायदाही तेच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे आपला हिरवा पोपट, डोंगरी मैना, मुनिया किंवा पाठीवर चांदण्या असलेले कासव पकडणे, विकणे, घरी ठेवणे गुन्हा आहे. विदेशी प्राण्यांतही ज्यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो त्यांची सरकारदरबारी नोंद करण्याचे नियम २०२४ साली लागू झाले.

शेवटी संख्येचा आणि काळाचा प्रश्न. राखी आफ्रिकी पोपट चाळीस-पन्नास वर्षे जगतो. कासव त्याला पोसणाऱ्याच्या मागे उरू शकते. आपल्यानंतर त्याला कोण सांभाळणार, हे आणतानाच ठरले पाहिजे. आणि प्रत्येक बेवारस जीव घरी आणणाऱ्या दयाळू माणसांना आम्ही अतिशय आदराने एक गोष्ट सांगू इच्छितो. सांभाळता येणार नाहीत इतके प्राणी जमवत राहणे, आणि त्यांची उपासमार व घाण दिसेनाशी होणे, हा मनाचा विकार असू शकतो. मानसोपचाराच्या अमेरिकन नियमावलीने २०१३ साली संग्रहविकाराच्या वर्णनात प्राण्यांचाही उल्लेख केला आहे. दयेलाही ताकदीची मर्यादा असते. तीन प्राण्यांना नीट ठेवणारे घर तेरा प्राण्यांना कोंडणाऱ्या घरापेक्षा अधिक दयाळू आहे.

तेव्हा पुढचा प्राणी उंबरठ्याच्या आत घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. याला पळून जायला जागा कुठे आहे? याचे अन्न वेगळे मिळेल काय? याच्यावर उपचार करणारा वैद्य गावात आहे काय? आणि आता घरात जो सर्वांत दुबळा आहे, त्याला याच्या येण्याने काय भोगावे लागेल? चारही प्रश्नांना सरळ उत्तरे मिळाली तर खुशाल आणावा. आणि न मिळाली तर त्याला दुसरे चांगले घर शोधून द्यावे. तेही प्राणिप्रेमच आहे.